अक्राच्या न्यूजरूममधली 12 आठवड्यांची इंटर्नशिप : परतल्यावर काही महिन्यांनी

पैसे भरून मिळणारी परदेशी इंटर्नशिप घ्यावी का, असं दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे तरुण वार्ताहर सतत विचारतात. घानाच्या राजधानीत, अक्रात, इंग्रजी दैनिक आणि रेडिओ केंद्रात 12 आठवडे काम केलेल्या आम्हा किनाऱ्यावरच्या बातमीदारांचा हा एकत्रित अभिप्राय. परत येऊन बंदर, पंचायत समिती, मत्स्यव्यवसाय खातं या नेहमीच्या कामाला लागल्यावर त्यातलं काय टिकलं, ते सांगतो.

मत आधीच देऊन टाकतो. तुमचा एखादा विषय पक्का असेल आणि तुमची कॉपी, म्हणजे लिहून दिलेली बातमी, रोज तपासणारा माणूस नावानिशी नेमून मिळत असेल, तर पैसे वसूल होतात. नुसतं प्रमाणपत्र हवं असेल तर जाऊ नका. 4 आठवड्यांचा पर्याय तर घेऊच नका. पहिला पंधरवडा ओळखी, रस्ते आणि उच्चार समजून घेण्यातच जातो, आणि काम हाताला लागतं तेव्हा परतीची तारीख आलेली असते.

ही इंटर्नशिप मध्यस्थ संस्थेला फी भरून मिळते. त्या फीमध्ये साधारणपणे राहणं, सकाळ-संध्याकाळचं जेवण, विमानतळावरून नेणं आणि ओळखीचं पत्र येतं. विमानभाडं, व्हिसा, लस, विमा, रोजचा प्रवास आणि दुपारचं जेवण वेगळं. हा वेगळा खर्च माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतो, म्हणून आधी तोच मांडून बघा. पैसे भरण्यापूर्वी निमंत्रणपत्र मध्यस्थाकडून न घेता थेट वृत्तपत्राच्या किंवा केंद्राच्या लेटरहेडवर मागा. त्यात विभाग, कामाच्या तारखा आणि तुमची कॉपी बघणाऱ्याचं पद लिहिलेलं हवं. व्हिसाच्या अर्जात कामाचं स्वरूप खरं लिहा. पर्यटक म्हणून उतरायचं आणि न्यूजरूममध्ये बसायचं, हा सल्ला कोणी दिला तर तो व्यवहार तिथेच थांबवा. पुढे चौकशी झाली तर मध्यस्थ समोर येत नाही, तुमचा पासपोर्ट येतो.

घानाच का? तिथे सरकारी कामकाज आणि कोर्ट इंग्रजीत चालतं, त्यामुळे कागदपत्रं थेट वाचता येतात. फौजदारी बदनामीचा कायदा 2001 साली रद्द झाला आहे. माहिती अधिकाराचा कायदा 2019 चा असून उत्तराची मुदत 14 दिवसांची, म्हणजे आपल्या 30 दिवसांच्या निम्म्याहून कमी. स्थानिक सहकाऱ्यासोबत पहिल्याच आठवड्यात अर्ज टाकला तर मुक्कामातच उत्तराचा पाठपुरावा करता येतो. आणि कोकणातल्या माणसाला भिडणारं कारण म्हणजे मासेमारी.

त्याकडे येण्याआधी पहिल्या दोन आठवड्यांबद्दल. नव्या इंटर्नला सरसकट उद्घाटनं, कार्यशाळा, बँकेचे कार्यक्रम इथे पाठवतात, कारण निमंत्रण आलेलं असतं आणि जुन्या बातमीदारांना तिथे रस नसतो. हातात प्रेसनोट येते, तिची बातमी होते आणि बायलाइन, म्हणजे बातमीवरचं तुमचं नाव, सीनियरच्या नावाबरोबर जोडून लागते. तक्रार करून हे सुटत नाही. दुसऱ्या सोमवारच्या बैठकीला तीन लेखी विषय घेऊन जा. प्रत्येकी पाच ओळी पुरतात : नेमका प्रश्न, भेटायची माणसं, लागणारा कागद, फोटो आणि किती दिवस. लेखी विषय समोर असला की वृत्तसंपादक बहुतेक वेळा एकाला तरी हो म्हणतो.

आता सगळ्यात मोलाची गोष्ट, कॉपीची तपासणी. आपल्या जिल्हा आवृत्तीतली बातमी 'येथील'ने सुरू होते, 'करण्यात आले'ने पुढे सरकते आणि 'असे त्यांनी सांगितले'ने संपते. हीच घडण इंग्रजीत उतरली की डेस्कवरून, म्हणजे उपसंपादकांकडून, पहिला प्रश्न येतो : केलं कोणी? 'मदतीचे वाटप करण्यात आले' या वाक्यात अधिकारी नाही, निधीचं नाव नाही, तारीख नाही. मराठीत वाचणारा हे चालवून घेतो, तिथला उपसंपादक घेत नाही. उपाय असा : नोंदी मराठीतच ठेवा, पण चार रकान्यांत. कोणी, काय, किती, आणि हे आपल्याला कोणी सांगितलं. चौथा रकाना रिकामा राहिला तर ती ओळ बातमीत जात नाही. इंट्रो, म्हणजे बातमीचं पहिलं वाक्य, 30 शब्दांच्या आत ठेवा आणि दावा कोणाचा ते त्याच वाक्यात येऊ द्या. आकडा कागदावरून घेतला की माणसाच्या तोंडून, तेही लिहा.

प्रत्येक बातमीच्या तीन प्रती जपून ठेवा : तुम्ही दिलेली, डेस्कने दुरुस्त केलेली आणि छापून आलेली. दुरुस्त्या दिसतील अशा स्वरूपात फाइल मागा. काही उपसंपादक थेट पानावर कात्री लावतात, मग मधली प्रत उरतच नाही. पान लागण्याच्या घाईत शिकवणं शक्य नसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, डेस्क मोकळं असताना, छापलेली बातमी घेऊन शेजारी बसा आणि प्रत्येक काटछाटीचं कारण विचारा. आमच्या मते सगळ्या फीची किंमत या बसण्यात आहे. जिथे ते मिळालं नाही तिथे 12 आठवडे संपताना हातात फक्त कात्रणं होती.

मासळीच्या बातम्यांत कोकणी माणूस पहिल्या दिवसापासून कामाचा ठरतो. अक्रातल्या जेम्सटाउन आणि चोरकोरच्या किनाऱ्यावरच्या लाकडी होड्या, टेमा बंदरातले ट्रॉलर, प्रकाशझोत टाकून केलेली बेकायदा मासेमारी, लहान आणि मोठ्यांमधला संघर्ष हे सगळं आपल्या एलईडी दिवे आणि पर्ससीन जाळ्यांच्या वादाच्या जवळचं आहे. तिथला 'सायको' हा प्रकार मात्र वेगळा : ट्रॉलरने पकडलेली मासळी समुद्रातच होड्यांवर उतरवायची आणि ती छोट्या मच्छीमारांची म्हणून विकायची. कायद्याने बंदी असूनही हे चालतं. बेकायदा मासेमारीवरून युरोपीय संघाने 2021 मध्ये घानाला इशाऱ्याचं पिवळं कार्ड दाखवलं होतं, त्यामुळे या विषयावर कागद भरपूर मिळतात.

मुलाखती मंगळवारी घ्या. अक्राच्या किनाऱ्यावर मंगळवारी होड्या समुद्रात जात नाहीत. माणसं जाळी विणत, डागडुजी करत वाळूवर असतात आणि निवांत बोलतात. बाकीच्या दिवशी होडी लागताना मध्ये उभं राहून प्रश्न विचारणारा तिथेही ढकलला जातो, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ढकलला जातो तसाच. इंग्रजी सगळ्यांना येत नाही. गा किंवा त्वी ही तिथली भाषा बोलणारा स्थानिक सहकारी जोडीला घ्या आणि बायलाइन जोडीने मागा. दुभाष्यामार्फत आलेलं बोलणं अवतरणचिन्हांत टाकू नका, आशय म्हणून द्या. भाव लिहिताना एककाकडे लक्ष ठेवा. तिथे मासळी घमेल्याने विकतात आणि घमेली एका मापाची नसतात. हर्णे बंदरातल्या लिलावाच्या ढिगाचं वजन जसं नुसतं बघून सांगता येत नाही, तसंच तिथलं. आकार लिहून फोटो घ्या, जमलं तर काट्यावर ठेवा.

सगळ्यात जास्त शिकवून गेला तो प्रीमिक्स इंधनाचा, म्हणजे तेल मिसळलेल्या पेट्रोलचा विषय. होड्यांना सवलतीचं इंधन किनाऱ्यावरच्या समित्यांमार्फत मिळतं, आणि ते वाटेत दुसरीकडे वळतं ही तिथली जुनी तक्रार. बातमी उभी राहते ती पाच नोंदी जुळवून : मंजूर झालेले लिटर, टँकर आल्याची तारीख, वाटपाची वही, फलकावरचा दर आणि होडीवाल्याने प्रत्यक्ष मोजलेले पैसे. दोन नोंदींत फरक पडला की तिथे बातमी. आपल्याकडच्या डिझेल परताव्याच्या (नौकेच्या डिझेलवरचा कर परत मिळण्याच्या) बातम्या वर्षानुवर्षं 'परतावा रखडला, मच्छीमार संतप्त' एवढ्यावरच थांबतात. आता आम्ही संस्थेचा मंजूर कोटा, नौकेची नोंदणी, पंपाची बिलं, खात्याकडे प्रस्ताव गेल्याची तारीख आणि बँक खात्यात रक्कम जमा झाल्याची तारीख असा तक्ता करतो. पैसे नेमके कोणत्या टेबलावर अडले ते तक्ता दाखवतो, आणि अधिकाऱ्याला मोघम उत्तर देणं अवघड जातं.

पाकिटाबद्दल स्पष्ट लिहायला हवं. कार्यक्रम संपल्यावर पत्रकारांना प्रवासखर्च म्हणून रोख रक्कम देण्याची तिथे रीत आहे, तिला 'सोली' म्हणतात. पगार कमी असल्याने अनेकजण ती घेतात. तिथल्या पत्रकार संघटनेच्या आचारसंहितेत आमिष घेण्याला मनाई आहे, तरी रीत चालू आहे. पहिल्याच दिवशी वृत्तसंपादकाला सांगा की आपण घेणार नाही, आणि त्यांचं धोरण विचारून घ्या. कार्यक्रमात सर्वांसमोर नकार दिला तर सोबतचा सहकारी अडचणीत येतो, पुढे तो तुम्हाला बरोबर नेत नाही. आपल्याकडे वार्ताहराला पुरवणीच्या जाहिरातीचं टार्गेट असतं आणि त्याचं कमिशन हीच खरी मिळकत असते. तेव्हा तिथल्या माणसांकडे वरून बघण्याचा अधिकार आपल्याला नाही.

रेडिओचा भाग लहान पण पक्का. सेकंदाला तीन शब्द, म्हणजे 30 सेकंदांची बातमी 90 शब्दांत. आवाजाचा तुकडा 15 ते 20 सेकंद. जागेचा नुसता आवाज एक मिनिट वेगळा रेकॉर्ड करा, नाहीतर जोडकामात सांधे ऐकू येतात. समुद्रावर माइकला केसाळ वारारोधक लावल्याशिवाय काही वापरण्याजोगं हाती लागत नाही. रेकॉर्डिंग करताना फोन एअरप्लेन मोडवर. वीज जाते, तेव्हा पॉवरबँक आणि चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर इथूनच न्या.

पिवळ्या तापाची लस सक्तीची आहे. ती केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते, किनाऱ्यावरून सोयीचं म्हणजे मुंबई किंवा गोव्यातलं मुरगाव. प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्या, कारण प्रमाणपत्र 10 दिवसांनी लागू होतं. ते हरवलं तर भारतात परतताना 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. हिवतापाची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नका आणि मध्ये सोडूही नका. डॉक्सीसायक्लिन परतल्यावरही 4 आठवडे चालू ठेवावी लागते, रिकाम्या पोटी जळजळते आणि तिच्यामुळे उन्हात कातडी लवकर भाजते. किनाऱ्यावर दिवसभर फिरणाऱ्याने ही गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगावी.

सुरक्षिततेचा विषय मध्यस्थ दोन ओळींत उरकतात. अक्रात शोधपत्रकार अहमद सुआले यांची जानेवारी 2019 मध्ये गोळ्या घालून हत्या झाली. आपल्याकडे रिफायनरीच्या बातम्या देणारे शशिकांत वारिशे फेब्रुवारी 2023 मध्ये राजापुरात गाडीखाली चिरडले गेले आणि खुनाचा गुन्हा नोंदला गेला. कुठे चाललो, कोणाला भेटणार, कधी परतणार हे डेस्कवरच्या एका माणसाला लिहून कळवायचं आणि ठरल्या वेळी फोन करायचा, ही सवय तिथल्या चांगल्या संपादकांनी लावली. जिल्ह्यात एकट्याने फिरणाऱ्या स्ट्रिंजरला, म्हणजे मानधनावरच्या बातमीदाराला, हे सांगणारं कोणीच नसतं. आम्ही आता आपसांत हे पाळतो.

निघायची वेळ ठरवताना एवढं बघा. मासळीचा तिथला मोठा हंगाम जुलै ते सप्टेंबर, पण तेव्हा इथे दरडी, पूर आणि नंतर गणपती. कार्यालय सोडत नाही आणि घरचेही सोडत नाहीत. गणपतीनंतर निघालात तर डिसेंबरच्या मध्याला परत येता, सहारातून येणाऱ्या हरमाटन वाऱ्याची धूळ दाटण्याआधी. इथल्या दैनिकाला तिथून काही पाठवायचं असेल तर अक्राच्या दुपारी 12 च्या आत पाठवा. इथे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात, त्यानंतर जिल्ह्याच्या पानांत जागा मिळणं कठीण.

परतल्यावर जिल्हा दैनिकात प्रमाणपत्राकडे कोणी बघत नाही, मानधनही वाढत नाही. ही अपेक्षा घेऊन जाल तर निराश व्हाल. फरक पडतो तो इंग्रजी संकेतस्थळं आणि फेलोशिपच्या अर्जांत, कारण तिथे छापून आलेलं काम मागतात. म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येक बातमीची तारखेसह पूर्ण पानाची पीडीएफ घ्या. नुसत्या लिंकवर विसंबू नका, संकेतस्थळ बदललं की ती उघडत नाही. रेडिओच्या बातमीची ध्वनिफीत आणि संहिता दोन्ही मागून घ्या. संपादकाच्या पत्रात 'मेहनती, वक्तशीर' असले शब्द नकोत. तुम्ही केलेल्या दोन बातम्यांची नावं, त्यात तुमचा वाटा किती होता आणि कॉपीत कोणता बदल झाला, एवढं लिहून मागा. शेवटच्या आठवड्यात संपादक घाईत असतो, म्हणून दहाव्या आठवड्यातच पत्राचा मसुदा त्याच्या हाती द्या.