फिरत्या डिस्कोसाठी स्मोक मशीन की हेझ मशीन?

मूव्हिंग हेड (मोटरवर वळणारा झोताचा दिवा) किंवा लेझर कितीही भारी असला, तरी हवा स्वच्छ असेल तर त्याचा झोत दिसत नाही. दिसतो तो फक्त समोरच्या भिंतीवर पडलेला ठिपका. झोत डोळ्यांना दिसायचा, तर प्रकाश विखुरणारे सूक्ष्म थेंब हवेत तरंगत असावे लागतात. ते पुरवणारी दोन यंत्रे मी भाड्याच्या सभागृहांतील कार्यक्रमांत आलटूनपालटून वापरत आलो आहे. एक हजार वॅट वर्गातील साधे स्मोक मशीन आहे आणि दुसरे पाण्यावर आधारित द्रवावर चालणारे हेझ मशीन. माझा कौल हेझच्या बाजूने आहे, मात्र तो सरसकट नाही.

स्मोक मशीनमध्ये एक छोटा पंप ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन आणि पाणी यांचे मिश्रण तापलेल्या धातूच्या नळीत ढकलतो. तिथे त्याची वाफ होते आणि तोंडातून बाहेर पडताच थंड हवेत तिचे सूक्ष्म थेंब बनून दाट पांढरा लोट तयार होतो. जळत काहीच नाही, त्यामुळे जळका वास येऊ लागला तर यंत्रात काहीतरी बिघडले आहे असे खुशाल समजावे. यंत्र स्वस्त आणि दणकट आहे, आणि एखाद्या गाण्याच्या ठोक्यावर एकदम लोट सोडायचा असेल तर त्याला पर्याय नाही. त्रास होतो तो त्याच्या तापण्याच्या चक्राचा. सुरुवातीला काही मिनिटे तापण्यात जातातच, शिवाय लांबलचक लोट सोडला की नळीचे तापमान उतरते, थर्मोस्टॅट पंप बंद करतो आणि यंत्र तयार असल्याचा दिवा विझतो. नेमक्या त्याच वेळी गाणे रंगात आलेले असते आणि रिमोटचे बटण कितीही दाबले तरी काही होत नाही. शिवाय लोट पसरायला वेळ लागतो, तोवर पुढच्या रांगेतले लोक खोकत असतात आणि मागच्यांना काहीच दिसलेले नसते. छायाचित्रकाराची नाराजी वेगळीच.

आणखी एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. लोट थांबल्यानंतर यंत्राच्या तोंडाशी थोडा द्रव थेंबथेंब गळतो आणि समोरच्या गुळगुळीत फरशीवर हाताच्या पंजाएवढा ओला, चिकट डाग पडतो. अंधारात तो दिसत नाही आणि पाय सरकायला तेवढा पुरतो. म्हणून यंत्राखाली जाड चटई घालावी आणि त्याचे तोंड नाचणाऱ्यांच्या दिशेने कधीही करू नये.

हेझ मशीनचे थेंब याहून बरेच बारीक असतात, आणि पंखा ते सतत, थोड्या थोड्या प्रमाणात हवेत सोडत राहतो. लोक येण्यापूर्वी अर्धा तास ते मंद चालू ठेवले की सभागृहभर एकसारखा पातळ थर बसतो. माणसांचे चेहरे स्वच्छ दिसतात आणि झोत मात्र छतापर्यंत रेखल्यासारखे उठून येतात. द्रवही जपून लागतो. दोष म्हणाल तर किंमत बरीच जास्त आहे, भाषणाच्या वेळी पंख्याची घरघर ऐकू येते, आणि वातानुकूलन जोरात असेल तर तासाभराची मेहनत हवा खेचणाऱ्या जाळीतून निघून जाते. उघड्या मैदानात तर हेझचा उपयोग जवळजवळ शून्य. तिथे स्मोक मशीनच बरे, तेही वारा पडलेला असेल तर. खनिज तेलावर चालणारे हेझ मशीन तापवण्याऐवजी दाबाच्या हवेने तेलाचे कण करते आणि तो थर तासन्‌तास टिकतो, पण भिंगांवर आणि फर्निचरवर तेलकट पापुद्रा बसतो. दुसऱ्याच्या जागेत ते नेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र कोणतेही यंत्र नेण्याआधी जागेच्या व्यवस्थापकाशी बोलणे अनिवार्य आहे. प्रकाशावर चालणाऱ्या धूरशोधकाच्या आत एक दिवा असतो. कणांनी विखुरलेला प्रकाश संवेदकावर पडला की तो इशारा देतो, आणि समोरचा कण आगीचा आहे की ग्लायकॉलचा हे त्याला कळत नाही. उंच छताच्या सभागृहांत भिंतीपासून भिंतीपर्यंत किरण टाकणारे शोधक असतात, तेही हेझने फसतात. उष्णता मोजणारे शोधक फसत नाहीत. म्हणून कोणते शोधक बसवले आहेत हे आधी विचारावे, आणि सभागृहातील शोधकांचा विभाग तात्पुरता बंद ठेवायचा असेल तर ते काम जागेच्या अधिकृत माणसानेच करावे, कार्यक्रमभर कोणीतरी लक्ष ठेवावे व नंतर तो न विसरता पूर्ववत करावा. शोधकावर प्लास्टिकची पिशवी बांधण्याची जी युक्ती या धंद्यात चालते ती निव्वळ बेजबाबदारपणा आहे. नकार मिळाला तर यंत्र गाडीतच ठेवावे.

श्वासाच्या प्रश्नाकडेही दुर्लक्ष करता येत नाही. न्यूयॉर्कमधील ब्रॉडवे नाट्यगृहांच्या कलाकारांवर झालेल्या आणि २००० मध्ये पुढे आलेल्या अभ्यासात हवेतील ग्लायकॉलचे प्रमाण क्षणभरही प्रति घनमीटर ४० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, अशी शिफारस होती. हे प्रमाण ओलांडले जाण्याची शक्यता सर्वाधिक असते ती स्मोक मशीनच्या तोंडाशी. पातळ हेझ त्या मानाने बरा, पण दम्याच्या रुग्णाला तोही बाधू शकतो. निमंत्रितांत असे कोणी आहे का, हे यजमानांना आधी विचारणे उत्तम.

द्रव उत्पादकाने सांगितलेलाच वापरावा, घरी मिसळलेला नको. टाकी कोरडी पडू देऊ नये, नाहीतर पंप जातो. उलट गाडीतून नेताना ती रिकामी असावी. बंद सभागृहांतील कामे जास्त असतील तर पहिली खरेदी हेझ मशीनचीच करावी, आणि स्मोक मशीन लागेल तेव्हा भाड्याने आणावे.