बर्कली की विल्यम्स? अमेरिकेत पदवीला जाताना

बारावीनंतर अमेरिकेला जायचं ठरलेल्या ठाण्यातल्या घरांत मार्चअखेरीला हाच विषय असतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कली या मोठ्या सरकारी विद्यापीठाचं प्रवेशाचं पत्र आलेलं असतं आणि विल्यम्स किंवा अ‍ॅमहर्स्ट या छोट्या खासगी कॉलेजाचंही. बर्कली नौपाड्यातल्या सगळ्या नातेवाइकांना ठाऊक, विल्यम्सचं नाव काढलं की "हे कुठलं कॉलेज?" नातेवाइकांना काय वाटेल ते वाटो, मुलाला प्रत्यक्ष शिकवणार कोण ते आधी बघा.

बर्कलीत पदवीचेच विद्यार्थी ३० हजारांवर. कम्प्युटर सायन्सच्या पहिल्या कोर्सला हजारावर मुलं बसलेली असतात आणि शंका विचारायच्या त्या बहुधा टीचिंग असिस्टंटला, जो स्वतःच विद्यार्थी असतो. संशोधन अव्वल आहे, नोबेल मिळवलेले प्राध्यापकही आहेत. पण त्यांच्यापर्यंत पोचायला मुलानेच पुढे व्हावं लागतं. जे होतात त्यांचं सोनं होतं.

विल्यम्समध्ये एकूण विद्यार्थी २ हजारांच्या आसपास. तिथल्या ट्यूटोरियलमध्ये दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक बसतात. या आठवड्यात एकाने निबंध लिहून आणायचा, दुसऱ्याने त्यातल्या त्रुटी काढायच्या. पुढच्या आठवड्यात उलट. क्लास आणि अपेक्षित प्रश्नसंचांवर वाढलेल्या आपल्या मुलांना सुरुवातीला हे फार जड जातं. तरीही पदवीच्या वयात याहून मोलाचं शिक्षण मला माहीत नाही. पुढे पीएचडीला जायचं असेल तर शिफारसपत्र लिहिणारा प्राध्यापक त्या मुलाला खरोखर ओळखत असतो, हा फायदा वेगळाच.

इंजिनिअरिंगच करायचं पक्कं असेल तर मात्र बर्कली. हार्वी मड, स्वार्थमोर, स्मिथ अशा मोजक्या छोट्या कॉलेजांतच इंजिनिअरिंग आहे, विल्यम्समध्ये नाही. उलट इतिहास की अर्थशास्त्र की गणित, हे ठरत नसेल तर छोटं कॉलेज सोयीचं. बर्कलीत एकदा आत गेल्यावर कम्प्युटर सायन्सकडे वळणं अवघड असतं.

पैशांचं गणित बहुतेक घरं उलटं मांडतात. 'सरकारी विद्यापीठ म्हणजे स्वस्त' हे कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांपुरतं खरं. परदेशी विद्यार्थ्याला खर्च दोन्हीकडे वर्षाला ८० हजार डॉलरच्या वर जातो आणि गरजेवर आधारित मदत बर्कली परदेशी विद्यार्थ्यांना देत नाही. अ‍ॅमहर्स्ट प्रवेश देताना परदेशी विद्यार्थ्याचीही ऐपत बघत नाही आणि त्यांच्या हिशेबाने जितकी गरज निघते तितकी मदत देतं. घोडबंदर रोडवरचा फ्लॅट तारण ठेवण्याआधी दोन्ही पत्रांतला मदतीचा आकडा शेजारी शेजारी मांडा.

विल्यम्सटाउन हे डोंगरातलं छोटं गाव, हिवाळा लांब आणि बर्फाचा. बर्कलीहून मेट्रोने सॅन फ्रान्सिस्को जवळ. गर्दीत वाढलेल्या मुलाला ती शांतता झेपेल का, हे त्यालाच विचारा. परत येऊन इथे नोकरी करायची असेल तर बर्कलीच्या नावाचा उपयोग होतो, हे मान्य करायला हवं.

होकार कळवायची मुदत साधारण १ मेची असते. त्याआधी मुलाने दोन्हीकडच्या विभागांना ईमेल करून विचारावं: पहिल्या वर्षीच्या वर्गात किती मुलं असतात, आणि लिहिलेलं तपासतं कोण?