विकास आराखड्यावरची हरकत: सेवा बरी, मुदत तोकडी

विकास आराखडा म्हणजे गावा-शहरातली कुठली जमीन कशासाठी, हे ठरवणारा नकाशा. त्यावर हरकत घेण्याची महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मधली ही सोय फुकट आहे आणि नेटाने वापरली तर उपयोगी पडते. प्रारूप (कच्चा) आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतीसाठी 30 दिवस मिळतात. सगळी गोची तिथेच. भाग नकाशा (आराखड्यातला आपल्या जागेपुरता तुकडा) आणि मोजणीची प्रत हाती येईपर्यंत निम्मी मुदत सरते, म्हणून राजपत्राची वाट न पाहता या प्रतींसाठी आधीच अर्ज टाकून ठेवा.

सुनावणी नियोजन समिती घेते: स्थायी समितीचे 3 सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त 4 जाणकार. ही रचना चांगली, पण अंतिम मंजुरी शासनाचीच. "माझं नुकसान होतं" एवढंच लिहिलेली हरकत सहसा टिकत नाही. गट क्रमांक, सातबारा, जागेवरचं जुनं बांधकाम, पर्यायी जागा नकाशावर रंगवून द्या. शिक्क्याची पोच घ्याच.

जागेवरचं आरक्षण (सार्वजनिक कामासाठी ती राखून ठेवणं) कायम राहिलं, तर अंतिम आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांनी कलम 127 ची नोटीस देता येते. नोटिशीपासून 24 महिन्यांत भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. सोबत मालकीची कागदपत्रं जोडायला विसरू नका, नोटीस तिथेच अडते.