लिनक्सवरून लॅपटॉपचं फर्मवेअर अपडेट: एफडब्ल्यूयूपीडी कितपत पुरतं?

हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांतून निघालेले डेलचे लॅटिट्यूड आणि लेनोव्होचे थिंकपॅड लॅपटॉप पुण्याच्या सेकंडहँड बाजारात भरपूर मिळतात. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे यांतल्या जुन्या मशीनवर आता सर्रास मिंट किंवा उबुंटू हे लिनक्स टाकलेलं असतं. रोजचं काम छान चालतं. गाडी अडते ती बायोस अपडेटपाशी, म्हणजे मशीन सुरू करणारं चिपमधलं सॉफ्टवेअर (फर्मवेअर) बदलण्यापाशी, कारण कंपनीच्या साइटवर मिळते विंडोजची एक्सई फाइल. ती वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं साधन) चालत नाही, व्हर्च्युअल मशीनमध्येही नाही, कारण मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपपर्यंत पोचायला तिला खऱ्या हार्डवेअरवर चालणारा विंडोजचा कर्नल ड्रायव्हर लागतो. विंडोज असलं तरी सुटका होतेच असं नाही. विंडोज 11 मधली मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षा सोय जुने फ्लॅश ड्रायव्हर अडवते, आणि 64 बिटच्या विंडोज पीई (पेनड्राइव्हवरून चालणारं छोटं विंडोज) पेनड्राइव्हवर 32 बिटचा अपडेटर सुरूच होत नाही.

एफडब्ल्यूयूपीडी हे यावरचं मोफत साधन. रेड हॅटच्या रिचर्ड ह्यूज यांनी ते 2015 च्या सुमारास सुरू केलं. लॅपटॉप कंपन्या आपलं फर्मवेअर एलव्हीएफएस या सेवेवर चढवतात, आणि हे साधन ते तिथून उतरवून डिस्कच्या ईएफआय पार्टिशनवर (बूटच्या फाइली असतात तो छोटा भाग) ठेवतं. रीबूट झालं की सही तपासून चिप लिहिण्याचं काम लॅपटॉपचं स्वतःचं फर्मवेअर करतं. त्या वेळी ऑपरेटिंग सिस्टिम चालूच नसते, म्हणून ती कोणती आहे याने फरक पडत नाही. हा मार्ग मला एक्सईपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो तो याच कारणाने.

टर्मिनलमधली कमांड एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर. तिच्यापुढे आधी ‘गेट-डिव्हायसेस’ देऊन सध्याची आवृत्ती लिहून ठेवा, मग ‘रिफ्रेश’, ‘गेट-अपडेट्स’ आणि शेवटी ‘अपडेट’. थिंकपॅड टी 480 घेतला असेल तर या यादीत थंडरबोल्ट कंट्रोलरची आवृत्ती आवर्जून बघा. 2017 ते 2019 च्या बऱ्याच थिंकपॅडमध्ये त्या कंट्रोलरच्या जुन्या फर्मवेअरमुळे यूएसबी-सी पोर्ट बंद पडायचा, चार्जिंगसकट. लेनोव्होने त्यावर सुधारित फर्मवेअर काढलेलं आहे.

‘यूईएफआय कॅप्सूल अपडेट उपलब्ध नाही’ अशा अर्थाचा इशारा आला (कॅप्सूल म्हणजे फर्मवेअरची अपडेट फाइल), तर बहुतेक वेळा लिनक्स लेगसी, म्हणजे जुन्या बायोस पद्धतीच्या, मोडमध्ये टाकलेलं असतं किंवा बायोसमध्ये परवानगी बंद असते. डेलमध्ये ‘यूईएफआय कॅप्सूल फर्मवेअर अपडेट्स’ हा पर्याय चालू करा. थिंकपॅडमध्ये त्याला ‘विंडोज यूईएफआय फर्मवेअर अपडेट’ म्हणतात. नावात विंडोज असलं तरी लिनक्सलाही तोच लागतो.

दुसरी अडचण जागेची. ड्युअल बूटमध्ये (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही) ईएफआय पार्टिशन विंडोजने बनवलेलं असतं, बऱ्याचदा जेमतेम 100 एमबीचं, आणि साधन ‘जागा अपुरी’ म्हणून थांबतं. ईएफआयमधल्या आपल्या डिस्ट्रोच्या फोल्डरात ‘एफडब्ल्यू’ नावाचं उपफोल्डर असतं. मागच्या अपडेटच्या कॅप्सूल फाइली तिथेच पडून राहतात, त्या काढल्या की बरंच भागतं. मायक्रोसॉफ्ट आणि बूट ही फोल्डरं मात्र हलवू नका. ड्युअल बूटमध्ये बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल, तर अपडेटआधी विंडोजमध्ये जाऊन तो सस्पेंड करा आणि रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. फर्मवेअर बदललं की टीपीएम या सुरक्षा चिपमधली मोजमापं बदलतात, आणि पुढच्या बूटला 48 आकडी रिकव्हरी की मागितली जाते.

सर्वांत मोठी उणीव: सगळी मॉडेलं एलव्हीएफएसवर नाहीत. लॅटिट्यूड, प्रिसिजन आणि 2018 नंतरचे थिंकपॅड यांचं चांगलं जमतं. घरगुती स्वस्त मालिकांपैकी बऱ्याच मॉडेलांची पाटी कोरी. तिथे डेलवाल्यांना सोपी वाट आहे: तीच एक्सई फॅट32 पेनड्राइव्हवर टाका, सुरू होताना एफ12 दाबा, बायोस फ्लॅश अपडेट निवडा. एक्सईच्या आतला मजकूर फर्मवेअरला थेट वाचता येतो. असूसमध्ये हेच काम बायोसमधलं ईझी फ्लॅश करतं. टी 450 सारख्या जुन्या थिंकपॅडसाठी लेनोव्होची बूटेबल आयएसओ घ्यावी लागते, पण ती सीडीसाठी बनवलेली असते आणि पेनड्राइव्हवर जशीच्या तशी लिहिली तर बूट होत नाही. जेनआयएसओइमेज पॅकेजमधल्या गेटएलटोरिटोने तिच्यातली बूट इमेज वेगळी काढा आणि ती डीडी या कमांडने लिहा. डीडी देताना डिस्कचं नाव दोनदा तपासा, चुकीच्या डिस्कवरचा डेटा परत येत नाही.

वीज सांभाळा. चार्जर लावलेला हवाच, शिवाय बॅटरीत पुरेसा चार्ज हवा. सेकंडहँड मशीनची बॅटरी मेलेली असेल तर अपडेट बहुधा नाकारलं जातं, आणि ते योग्यच आहे. आधी बॅटरी बदला. महावितरणच्या देखभालीच्या गुरुवारी किंवा वळवाच्या पावसात हे काम काढू नका.

एलव्हीएफएसवर मॉडेल असेल तर माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या जागेच्या अडचणीसाठी कापला, कारण संदेश वाचून नवख्या माणसाला काय करायचं ते कळत नाही. मॉडेल नसेल तर साधनाचा उपयोग फक्त आवृत्ती बघण्यापुरता.

अपडेट मध्येच तुटून स्क्रीन काळीच राहिली तर चिप-लेव्हल दुरुस्तीवाला गाठावा लागतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारा सीएच341ए प्रोग्रामर आणि आठ पायांची क्लिप वापरून चिप पुन्हा लिहिता येते. चिप 3.3 व्होल्टची की 1.8 ची हे आधी डेटाशीटवर बघायला सांगा, 1.8 वाल्या चिपला अडॅप्टर लागतो. आणि काही लिहिण्याआधी जुना मजकूर दोनदा वाचून, दोन्ही फाइली जुळतात का ते तपासून, एक प्रत तुमच्याकडे मागून घ्या. लॅपटॉपचा सीरियल नंबर आणि इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचा भाग बहुधा त्याच चिपमध्ये असतो.