कासवाची ‘जोडी’ घेताय? आधी हे वाचा

“भाऊ, एकटं कासव खात नाही, झुरून मरतं. जोडीच न्या, एक नर एक मादी.” भुसावळकडच्या एका घरात याच बोलीवर सुलकाटा या परदेशी, जमिनीवर राहणाऱ्या कासवाची तळहाताएवढी दोन पिल्लं आली. चौथ्या वर्षी दोन्ही नर निघाले आणि एकाच्या मागच्या पायावर रुपयाएवढी जखम झाली, ती वर्षभर चिघळत राहिली.

विक्रेत्याची पहिली थाप इथेच उघडी पडते. सुलकाटाचं लिंग पाठीचं कवच साधारण ३०-३५ सेंटीमीटर लांब झाल्याशिवाय बाहेरून खात्रीने सांगता येत नाही. तेव्हा कुठे नराचं पोट खोलगट दिसतं, शेपूट लांब आणि जाड होते, गळ्याखालची ढाल, म्हणजे पोटाच्या कवचाचं पुढचं टोक, नांगराच्या फाळासारखी पुढे येते. शिवाय या कासवांचं लिंग अंडी उबवतानाच्या तापमानावर ठरतं, कमी तापमानाला नर आणि जास्त तापमानाला माद्या. म्हणजे उबवणीच्या एकाच पेटीतली पिल्लं सगळी एकाच लिंगाची असण्याची शक्यता मोठी. पिल्लाकडे बघून ‘ही मादी’ म्हणणारा माणूस अंदाज विकतोय, आणि दाम मात्र जोडीचा घेतोय.

बरं, खरोखर नर-मादी मिळाली तरी दोघांनाच एकत्र ठेवणं वाईटच. नर दिवसभर मादीच्या मागे लागतो, तिला खाऊ देत नाही. कासवाला सोबत लागत नाही, ते मुळात एकलकोंडं जनावर आहे.

भांडण सुरू होतं तेव्हा ते भांडणासारखं दिसत नाही, म्हणून घरचे फसतात. एक दुसऱ्यावर चढून बसतं, लोक ‘प्रेम’ म्हणून फोटो काढतात. एक खाण्यावर आडवं बसतं, दुसरं कोपऱ्यात तोंड भिंतीला लावून पडून राहतं. मग धडका, पायाला चावे, आणि शेवटी गळ्याखालची ढाल घालून उलथवणं. जळगावच्या मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असताना उन्हात उलथलेलं कासव थोड्याच वेळात मरतं. दर आठवड्याला दोघांचं वजन काट्यावर करून वहीत लिहा. एकाचं वाढतंय आणि दुसऱ्याचं थांबलंय किंवा घटतंय, तर धडक दिसली नसली तरी छळ चालू आहे.

तक्रार घेऊन गेलात की दुसरी विक्री सुरू होते: ‘राग शांत करणारे’ थेंब, नाहीतर तिसरं कासव. दोन्ही घेऊ नका. हा आजार नाही, हद्दीचा झगडा आहे, त्याला औषध नाही.

उपाय एकच, त्याच दिवशी वेगळं करा, कायमचं. जाळी किंवा काच चालत नाही, समोरचा दिसत राहिला की ती दिवसभर त्यावर डोकं आपटतात. शहाबादी फरशी किंवा विटांची आडभिंत घाला, जमिनीवर किमान ४५ सेंटीमीटर आणि जमिनीत ३०, कारण सुलकाटा बीळ खोदतं. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, पाया मुरूम टाकून ठोका, नाहीतर पहिल्या पावसात भिंत कलते. खाणं, पाणी, सावली दोघांना स्वतंत्र. गवत हेच मुख्य अन्न, पण फवारलेल्या कपाशीच्या बांधावरचं नको. आणि केळीच्या बागा दाराशी असल्या तरी केळं नको, गोड फळांनी पोट बिघडतं.

जखम उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा, मग फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन (जखमेचं जंतुनाशक) लावा. तेल-हळद नको, त्यावर माती चिकटते. बरं होईपर्यंत घरात वर्तमानपत्रावर ठेवा, पावसाळ्यात उघड्या जखमेत माशा अंडी घालतात आणि अळ्या पडतात. हाड दिसत असेल, सूज असेल किंवा कवच तडकलं असेल तर थेट पशुवैद्यकाकडे.

‘नको असेल तर तापीत सोडा’ हा सल्लाही मिळतो. सुलकाटा कोरड्या जमिनीचं कासव आहे, त्याला पोहता येत नाही.

पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं देशी कासव दाखवलं तर तिथून निघा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, शिक्षा किमान ३ वर्षं. विकत घेणाराही गुन्ह्यात अडकतो, म्हणून गिऱ्हाईक तक्रार करणार नाही, याच भरवशावर अशी विक्री चालते. कुठे दिसलं तर वनविभागाला १९२६ वर कळवा. सुलकाटा परदेशी असलं तरी त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, ‘नंतर करून देतो’ म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे पाठवू नका. आधीच पाठवले असतील आणि माणूस गायब असेल तर सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर लगेच कळवा, दुकानाने फसवलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणि एवढं होऊनही कोणी जोडीचीच खात्री देत असेल, तर बिलावर ‘एक नर, एक मादी, चूक निघाल्यास पैसे परत’ असं सही करून लिहून मागा. बहुतेकांची भाषा तिथेच बदलते.