ड्राफ्टमध्ये आधी कोण: क्वार्टरबॅक की लाइनमन?

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये संघ नवखे खेळाडू पाळीपाळीने निवडतात, आणि हरलेल्यांची पाळी आधी येते. म्हणून तिथे पहिल्या दहांत नंबर लागणं म्हणजे आदल्या हंगामात संघाचं वाटोळं झालेलं असणं. अशा संघाकडे बहुधा ना धड क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा सूत्रधार) असतो, ना त्याला सांभाळणारी लाइन. हातात पिक, म्हणजे निवडीची पाळी, मात्र एकच.

आधी पैसा बघा, कारण क्वार्टरबॅकची बाजू तिथेच सगळ्यात भक्कम आहे. २०१० साली पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे ७.८ कोटी डॉलर मिळाले. पुढच्या वर्षी नवे नियम आले आणि पहिल्याच क्रमांकाच्या कॅम न्यूटनचा चार वर्षांचा करार जेमतेम २.२ कोटींचा झाला. तेव्हापासून नवख्याचा पगार क्रमांकावर ठरतो, जागेवर नाही. बाजारभाव मात्र जागेवरच ठरतो. २०२४ मध्ये क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटने वर्षाला ६ कोटींचा करार केला, तर पेनेई सूअलसारख्या अव्वल टॅकलने (लाइनच्या कडेचा खेळाडू) २.८ कोटींचा. त्याच वर्षी पहिला निवडला गेलेला क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स वर्षाला साधारण एक कोटीत पडला. म्हणजे नेम लागला तर क्वार्टरबॅकमागे वर्षाला पाचेक कोटी वाचतात, टॅकलमागे फार तर दोन. पहिल्या फेरीतल्या खेळाडूवर पाचव्या वर्षाचा पर्यायही संघाकडेच असतो.

पण नेम लागला तर! २०२१ च्या पहिल्या पंधरांत पाच क्वार्टरबॅक गेले. २०२४ चा हंगाम सुरू होईपर्यंत त्यातला एकटा ट्रेव्हर लॉरेन्स आपल्या मूळ संघात उरला होता. त्याच ड्राफ्टमध्ये सातवा सूअल आणि तेरावा रशॉन स्लेटर हे टॅकल मात्र पक्के निघाले. सॅन फ्रान्सिस्कोने तर त्या पाचांतल्या ट्रे लान्ससाठी पहिल्या फेरीचे तीन पिक आणि वर तिसऱ्या फेरीचा एक मोजला. त्याने त्यांच्यासाठी चार सामन्यांत सुरुवात केली आणि शेवटी तो चौथ्या फेरीच्या पिकवर डॅलसला गेला. लान्सनंतर पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, २६२ वा, म्हणजे अगदी शेवटचा निवडलेला क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी लागला म्हणून ते तरले. त्याला नियोजन म्हणायचं धाडस करू नये.

लाइनमनही बिनधोक नाही. २०१३ मध्ये पहिले दोन्ही पिक टॅकलच होते. त्यातला ल्यूक जोकल चार हंगामांनी जॅक्सनव्हिलमधून बाहेर पडला. जेट्स संघाच्या न्यू जर्सीतल्या मराठी चाहत्यांना वेगळं सांगायला नकोच: २०२० ला टॅकल मेकाय बेक्टन, २०२१ ला क्वार्टरबॅक झॅक विल्सन, आणि दोघेही हातचे गेले. बेक्टन पुढे फिलाडेल्फियात गार्ड (टॅकलच्या आतल्या बाजूचा लाइनमन) म्हणून खेळून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. लाइनमन निवडण्याआधी आपल्याकडे लाइनचा कोच कोण आहे, हे म्हणूनच बघावं.

आता खरी मेख. फुटक्या लाइनमागे नवखा उभा केला की काय होतं, ते डेव्हिड कारने २००२ मध्ये ७६ सॅक (चेंडू फेकण्याआधीच पाडलं जाणं) खाऊन दाखवलं. विल्यम्सने २०२४ मध्ये ६८ खाल्ले. तरी सॅकचा सगळा आकडा लाइनच्या माथी मारू नका. चित्रफीत लावून स्नॅपपासून, म्हणजे सेंटर चेंडू मागे देतो तिथपासून, घड्याळ बघा. अडीच सेकंदांच्या आत पॉकेट (लाइनने क्वार्टरबॅकभोवती राखलेली जागा) कोसळत असेल तर दोष लाइनचा. चेंडू तीन सेकंदांहून जास्त हातात राहत असेल तर चांगला टॅकलही हरतो. दाब कुठून येतो तेही पाहा. कडेने आलेल्याला क्वार्टरबॅक पुढे सरकून चुकवतो. मधून आलेल्यापुढे त्याला पाय टाकायला जागाच राहत नाही. विल्यम्सच्या शिकागोने २०२५ मध्ये मधलेच तिघे बदलले: जो थूनी आणि जोना जॅक्सन हे गार्ड अदलाबदलीतून, सेंटर ड्रू डॅलमन खुल्या बाजारातून. या तिघांसाठी पहिल्या फेरीचा एकही पिक गेला नाही.

लाइन अशी तुकड्यातुकड्याने उभी करता येते. हे लाइनमन ड्राफ्टमध्ये कितवे निवडले गेले बघा: जेसन केल्सी १९१ वा, जॉर्डन मायलाटा २३३ वा, ट्रे स्मिथ २२६ वा. क्वार्टरबॅकमध्ये इतक्या उशिरा मिळालेले टॉम ब्रेडी आणि पर्डी हे अपवाद म्हणूनच सांगितले जातात. उलट जो थॉमससारखा टॅकल सलग १०,३६३ स्नॅप खेळला, तरी त्याच्या क्लीव्हलँड संघाला त्याच्या काळात एकही प्लेऑफ सामना मिळाला नाही.

म्हणून पहिल्या पाचांत असाल आणि तुमच्या यादीत क्वार्टरबॅक गरजेमुळे नव्हे, गुणांवर वर असेल, तर तोच घ्या. सेंटर आणि गार्ड मार्चमध्येच, ड्राफ्टच्या आधी, बाजारातून उचला. क्वार्टरबॅक तसा नसेल, तर टॅकल घ्या आणि वर्षभर जुन्याजाणत्या क्वार्टरबॅकवर भागवा. वर सरकण्यासाठी भविष्यातले पहिल्या फेरीचे पिक विकू नका. आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीत दोन्ही बाजूंना खेळू शकणारा एक राखीव टॅकल घ्याच: चार्जर्स संघाकडे स्लेटर आणि जो ऑल्ट असे पहिल्या फेरीतले दोन टॅकल होते, २०२५ मध्ये दोघेही जायबंदी झाले आणि मार क्वार्टरबॅक जस्टिन हर्बर्टला बसला.