कंबर, बीपी आणि साखर: काही महिन्यांच्या योगाभ्यासानंतरचा अनुभव

पोटाचा घेर, बीपी, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) या पाचांपैकी तीन बिघडले की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. आपल्याकडे घेराची मर्यादा पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८०. त्यासाठी घरच्या घरी केलेल्या योगाभ्यासाबद्दल हे लिहितोय.

आधी झोप आणि बीपी सुधारतं, मग साखर. घेर सगळ्यात शेवटी, तोही नुसत्या आसनांनी नाहीच.

बीपीचं श्रेय मी संथ श्वसनाला देईन. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. रोज दहा मिनिटं, खुर्चीत बसूनही चालतं. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात. बहुतेकांचं बिनसतं ते श्वास ओढून घेण्यात: खांदे वर जातात, छाती फुगते, डोकं हलकं होतं. एक तळवा पोटावर, एक छातीवर ठेवा; पोटावरचाच हलायला हवा. बीपी असेल तर कुंभक (श्वास रोखून धरणं), जोरकस कपालभाती आणि शीर्षासन नकोच.

साखरेसाठी माझी पसंती उत्कटासनाला, म्हणजे खुर्चीत बसल्यासारखं गुडघ्यात वाकून थांबण्याला. मांड्यांचे स्नायू शरीरातल्या सगळ्यात मोठ्या स्नायूंपैकी. काम करताना ते इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात. पाठ भिंतीला, पावलं दीड फूट पुढे, झेपेल तेवढं खाली सरकून २० सेकंद थांबायचं. असं पाच वेळा. मोठ्याने आकडे मोजत राहा, कारण श्वास रोखला की बीपी चढतं. गुडघे कुरकुरत असतील तर कमी वाका.

सूर्यनमस्कार सावकाश, चारापासून सुरुवात. वजन जास्त असेल तर मनगटं धरतात. तेव्हा हात जमिनीऐवजी स्वयंपाकाच्या ओट्यावर टेका. बीपीची गोळी चालू असताना खाली वाकून झटकन उठलं की घेरी येते, म्हणून अर्ध्यावर थांबून एक श्वास घ्या आणि मगच सरळ व्हा.

ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचाराच. दरदरून घाम, हातांना कंप आला की थांबा, साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. इथे चिक्की कामाची नाही, शेंगदाण्यातल्या तेलामुळे साखर उशिरा चढते.

घेरासाठी भरभर चालणं लागतंच, आठवड्याला किमान १५० मिनिटं. रात्रीच्या जेवणानंतरच्या पंधरा मिनिटांच्या फेरीने जेवणानंतरची साखरही आवरते. घेर मोजताना पँटचा नंबर धरू नका, ती पोटाच्या खाली बसते. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून झाल्यावर टेप लावा.

शवासनातून उठल्या उठल्या बीपी बघू नका, आकडा फसवा येतो. रोज ठरलेल्या वेळी, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसल्यावर, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. एचबीए१सी, म्हणजे लाल पेशींना चिकटलेल्या साखरेवरून गेल्या काही महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, तीन महिन्यांनी. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्याआधी पूर्ण फरक दिसत नाही.

घाईच्या दिवशी सूर्यनमस्कार गाळा, श्वसन आणि उत्कटासन मात्र गाळू नका. आकडे उतरले म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. नोंदवही डॉक्टरांपुढे ठेवा, डोस त्यांनाच ठरवू द्या.